तीन बोटं खोल

ज्येष्ठातल्या एका गुरुवारी अण्णांनी टाकीतला कंद लाकडावरून सोडवला आणि खडीत पुरला. मी ग्रंथालयात होते. संध्याकाळी घरी आले, टाकीकडे पाहिलं आणि स्वयंपाकाला लागले.

त्याला वर्ष झालं. पुन्हा ज्येष्ठ आहे. कळंबच्या बाजाररस्त्यावरून अद्रकाच्या बेण्याची पोती लादलेले टेम्पो जातात आणि ते गेल्यावरही तो तिखट, मातकट वास थोडा वेळ रस्त्यावर रेंगाळतो. ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येणारी माणसं आधी हवामानाची बातमी शोधतात, मग बाकीचं पान. दुपारी आभाळ भरून येतं, चार वाजता मोकळं होतं. घरी आल्यावर मी प्लास्टिकची खुर्ची टाकीसमोर ओढते. ती अण्णांची खुर्ची. तिचा एक पाय किंचित वाकलेला आहे, त्यामुळे बसणारा माणूस आपोआप टाकीच्या बाजूला कलतो.

टाकी बापूची, माझ्या धाकट्या भावाची. दोन हात लांब, काचेची, तळाला काळी बारीक खडी. तो पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्याला हा नाद लागला. गावी परत आला तेव्हा त्याचं सगळं सामान टेम्पोत होतं आणि ही टाकी त्याच्या मांडीवर. गावात लाइटीचा भरवसा नाही म्हणून त्यानं ती माझ्याकडे कळंबला ठेवली. "तुझ्या घरात आवाज न्हाय, ताई. ह्यांना मानवंल," तो म्हणाला. मी एकटी राहते. घरात आवाज करणारं काही नव्हतं, हे खरं होतं.

टाकीत नऊ-दहा छोटे मासे होते, पण बापूचा जीव माशांवर नव्हता. एका वाकड्या लाकडावर त्यानं एक रोप दोऱ्यानं बांधलं होतं. बोटाएवढा जाड हिरवा कंद लाकडाला चिकटून आडवा सरकत जाणारा, त्यावर चामड्यासारखी जाड, गर्द पानं. खाली लोंबणारी मुळं. त्याचं नाव ॲन्युबियास. अण्णांनी पुढं तिची अनुबाई केली.

"याला काय काय लागतं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"काहीच न्हाय. हेच लोकांना जमत न्हाय."

ऊन नको, खत नको, सारखी हलवाहलव नको. महिन्याला एखादं पान येतं, कधी तेही नाही. नवं पान आधी सुईसारखं असतं, फिकट, मग आठवडाभर उलगडत राहतं. बापू बाजाराच्या दिवशी कळंबला यायचा, हातपाय धुवायचा आणि चहाच्या आधी पानं मोजायचा. शेवाळ धरलेलं पान दोन बोटांत धरून अंगठ्यानं हळूच पुसायचा, ताप आलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं. मी म्हणायचे, इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडात तुला काय दिसतं? तो म्हणायचा, "वाढतंय ते दिसत न्हाय, पण ताई, वाढलेलं दिसतंय की."

भाद्रपदात बापू गेला. विहिरीवरची मोटार बंद पडली होती. अण्णा म्हणाले, मोटार बघून ये. पाऊस होऊन गेला होता, मोटारीची विजेची पेटी ओली होती. बापूनं पेटीला हात लावला. मोटारीपासूनची ही चार वाक्यं मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा मनात म्हटली आहेत की आता त्यातलं पहिलं, तिसरं आणि चौथं ऐकू येत नाही. फक्त दुसरं, अण्णांचं, ऐकू येतं.

आई पूर्वीच गेली होती. दिवाळीनंतर मी अण्णांना कळंबला आणलं. रान चुलतभावाला बटईनं दिलं. लोक म्हणाले, लेकीनं बापाला सांभाळलं. मीही तसं म्हणू दिलं. मी त्यांना दोन वेळा गरम जेवण देत होते, औषधाची गोळी हातावर ठेवत होते, त्यांची धोतरं निळीतून काढत होते. आणि दिवसभरात त्यांच्याशी जितके शब्द बोलावे लागतात त्याहून एकही जास्त बोलत नव्हते. हे करायला कष्ट पडत नाहीत. ग्रंथालयात वीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प राहणं सोपं असतं आणि समोरच्याला ते सौजन्य वाटतं.

अण्णांना दिवसभर हाताला काम नव्हतं. त्यांनी टाकी धरली. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. आलं की घागरी, बादल्या, पातेली, जे असेल ते भरायचं. टाकीचं पाणी बदलायचं तर बादलीभर पाणी एक दिवस उघडं ठेवावं लागतं, औषधाचा वास उडेपर्यंत. अण्णा त्या बादलीची राखण करायचे. शेजारच्या रझियाभाभी जिन्यावरून बघायच्या.

"काय अण्णा, आमच्याकडं प्यायला घागरभर न्हाय, अन् तुमची मछली रोज नवं पाणी मागते. निकाह लावताय का काय तिचा?"

"मासळी न्हाय मागत, भाभी. ही अनुबाई मागती. लई नाजूक हाय. सासर मानवंना तिला."

"मग माहेरी धाडा की!"

टाकीतून काढलेलं पाणी अण्णा भाभींच्या कढीपत्त्याला घालायचे. "माशाचं पाणी हाय, खताची गरज न्हाय," असं दर वेळी सांगायचे. उन्हाळ्यात त्या कढीपत्त्यानं असा पाला धरला की भाभी अख्ख्या गल्लीला वाटायच्या. अण्णा खूष. घरात येऊन मला सांगायचे. मी म्हणायचे, "बरं."

मग ज्येष्ठ आला. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं अद्रक लावलं आहे त्याला ज्येष्ठात घरात बसवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळत होतंच. ते पहाटे उठून दारात उभे राहायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचे. चुलतभावाला फोन करून बेणं कुठलं आणलं, गड्डा केवढा आहे, डोळे किती, विचारायचे. पलीकडून तुटक उत्तरं यायची. फोन ठेवला की ते खुर्चीत बसायचे आणि टाकीत बघायचे. टाकीत एक कंद होता, आणि तो उघडा पडलेला होता.

त्या गुरुवारी जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं.

"शैले, आज एक काम केलं बघ."

"काय?"

"त्यो कंद तसाच पाण्यात पडला व्हता उघडा. कवापासनं बघतोय. कुजंल की गं असा. अद्रकाच्या रानात पाणी थांबलं की काय हुतं, तुला ठावं न्हाय व्हय? म्या लावला नीट. डोळा वर करून, तीन बोटं खोल. वरनं खडी सारून घेतली."

त्यांच्या नखांत अजून खडीची काळी कच होती. चेहऱ्यावर असा काही उजेड होता, जो मी भाद्रपदानंतर पाहिला नव्हता.

"बापूचं झाड हाय," ते म्हणाले. "जगाया पायजे."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "बरं केलंत."

टाकी ठेवली त्याच आठवड्यात बापूनं मला एक दोनशे पानी वही लिहून दिली होती. माशांना किती खाणं, फिल्टर कधी धुवायचा, लाइट गेली तर काय. पहिल्याच पानावर, दोन रेघा मारून: कंद पुरायचा नाही. मुळं खडीत गेली तर चालतील, कंद वर पाहिजे. पुरला की कुजतो. ताई, एवढं एक विसरू नको.

जेवणं झाल्यावर मी कपाटातून ती वही काढली, ते पान वाचलं आणि वही परत आत ठेवली. कंद वर काढायला दोन मिनिटं लागली असती. बाही सारून हात घालायचा, बोटांनी खडी बाजूला करायची. अण्णांना सांगायचं, हे झाड वेगळं आहे, याची जात उघड्यावर वाढण्याची. ते हसले असते. "अस्सं व्हय," म्हणाले असते. रझियाभाभींना सांगून स्वतःचीच थट्टा करून घेतली असती.

मी कपाट लावलं.

तेव्हा मनात काय होतं ते नीट आठवून लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. राग नव्हता. राग असता तर मी ओरडले असते. एक थंड, नीटनेटका विचार होता: आता यांना दिसेल. आपल्या हातानं, मायेनं, खात्रीनं केलेल्या कामानं काय होतं, ते यांना रोज सकाळी चहा पिताना समोर बसून दिसेल.

पहिला आठवडा काही झालं नाही. सावकाश वाढणारं झाड मरतंही सावकाश. पानं हिरवीगार उभी होती, खडीतून थेट वर आल्यासारखी, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा देखणी दिसत होती. अण्णा सकाळी खुर्ची ओढायचे.

"अद्रकाला कोंब याया पंधरा-ईस दिस लागत्यात. हिला बी तेवढं धरू."

"धरा."

"शैले, तुझे डोळे चांगले हायेत. बघ बरं, कोंब फुटलाय का?"

मी वाकून बघायचे. काचेत त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याशेजारी दिसायचा. आमचं नाक सारखं आहे. बापूचंही तेच होतं.

"अजून नाही. येईल."

हे मी रोज म्हणाले. एकवीस दिवस, रोज. एखाद्या दिवशी ते विचारायला विसरले तर मीच विचारायचे, "अण्णा, आज कोंब बघितला नाही?" ते लगबगीनं चष्मा शोधायचे.

दहाव्या दिवशी एका पानाच्या देठाशी पिवळेपणा आला. अण्णा म्हणाले, जुनं पान हाय, जायचंच. चौदाव्या दिवशी ते पान देठासकट सुटून पाण्यावर आलं. देठाचं टोक तपकिरी, बुळबुळीत होतं. त्यांनी ते बोटांत फिरवलं आणि वास घेतला. त्यांना त्या वासाची ओळख होती. अद्रक लावणाऱ्या प्रत्येकाला असते. पण पाण्यातली जात निराळी असंल, आपल्याला काय कळतंय, असं पुटपुटून त्यांनी ते पान कढीपत्त्याच्या बुडाशी नेऊन टाकलं. त्या दिवशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो मी नंतर खूप दिवस चघळला: "बापू आसता तर काय केलं आसतं गं त्यानं?"

मी म्हणाले, "बापू नाहीये ना."

मग रोज एक पान. कधी दोन. अण्णा माझ्या आधी उठून ती काढून टाकायला लागले. मला मोजता येऊ नयेत म्हणून. मी मोजत होतेच. भाभींनी मला जिन्यात गाठलं. "शैलाताई, अण्णांना काय झालं हो? काल कढीपत्त्याजवळ बसून रडत होते. मी म्हटलं काय झालं, तर म्हणतात, अनुबाई रुसली. तुमी जरा बोलत जा की त्यांच्याशी. माणूस आहे, कपाट न्हाय."

"बोलते," मी म्हणाले आणि ग्रंथालयात गेले. त्या दिवशी मी नव्या आलेल्या पुस्तकांना नंबर घातले. अक्षर सुरेख आलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी शेवटून दुसरं पान वर आलं. घरात वास होता. अण्णा खुर्चीत होते, हातात चहा तसाच.

"शैले, कायतरी चुकलंय गं माझं."

मी कपाटातून वही आणली, पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. मी उभी राहून ऐकत होते. 'कंद पुरायचा नाही' इथं त्यांचं बोट थांबलं. मग पुढं गेलं. 'ताई, एवढं एक विसरू नको' हे त्यांनी दोनदा वाचलं.

"ही वही कवापासनं हाय तुझ्यापाशी?"

"टाकी आणली तेव्हापासून."

"मंग तुला ठावं व्हतं."

"हो."

"पैल्या दिवसापासनं?"

"हो."

त्यांनी मान खाली घातली. तिथंच थांबायला हवं होतं. माझं ठरवलेलं काम झालं होतं. पण इतके महिने साठवलेलं वाक्य होतं, आणि ते मी तोंडपाठ म्हणावं तसं म्हटलं:

"बापूलाही तुम्हीच पुण्याहून बोलावून मातीत घातलंत. हे दुसरं."

अण्णांनी चहा खाली ठेवला. वही मिटून खुर्चीवर ठेवली. उठले, सदऱ्याची बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. कंद वर आला तेव्हा तो अर्ध्याहून जास्त काळा पडला होता, बोटांत चिरडत होता. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं एका टोकापासून दाबत दाबत गेले, लावणीआधी बेणं पारखतात तसं. मऊ, मऊ, मऊ. मग अंगठा थांबला.

"ब्लेड आण."

मी आणलं. त्यांनी काळं सगळं छाटलं, आत हिरवा कडक गर दिसेपर्यंत थोडं थोडं छाटत गेले. शेवटी बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला, त्याला एक पान. "दोरा." मी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा दिला. त्यांनी तो तुकडा बापूच्या लाकडावर ठेवला, वहीत लिहिलंय तसा, वर, उघडा, आणि दोन वेढे देऊन गाठ मारली. लाकूड पाण्यात ठेवलं, हात धोतराला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बेणं कुजताना दिसलं तर माणूस वर काढतंय, शैले. दुस्मानाच्या रानातलं आसलं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते गावी गेले. जाताना भाभींना सांगितलं, लावणीचे दिस हायेत, पुतण्याला एकट्याला उरकंना. भाभींनी त्यांना शिदोरी बांधून दिली. मी स्टँडपर्यंत पिशवी नेली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "जा, तुला उशीर हुईल." मला उशीर होणार नव्हता.

आता जे लिहायचं राहिलं आहे ते लिहिते.

टाकी आणली त्या दिवशी, माघात, प्रवासात रोपाचा दोरा सुटला होता. बापू टाकीत हात घालून तो पुन्हा बांधत होता. पाठमोरा. म्हणाला, "ताई, पुण्यातली नोकरी जाऊन चार महिने झाले. खोलीवर बसून होतो. शेवटी ठरवलं, गावी जायचं, बास. सामान बांधलं त्याच दिवशी अण्णांचा फोन आला, एकट्याच्यानं होत न्हाय, ये म्हणून. बरं झालं. त्यांना वाटू दे, त्यांनी बोलावलं म्हणून आलो. त्यांनाबी बरं वाटंल, मलाबी मान वर करून राहता येईल. तू सांगू नको हां." त्यानं गाठ मारली, पाणी निथळवलं आणि हसून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, नाही सांगणार.

मी दिलेला शब्द पाळते आहे, असं स्वतःला बरेच दिवस सांगत होते. मेलेल्या भावाला दिलेला शब्द म्हटल्यावर त्याला कोण काय म्हणणार? पण अण्णा ते ओझं घेऊन रानात हिंडतात आणि एका वाक्यानं ते खाली ठेवता येतं, हे मला भाद्रपदापासून माहीत आहे. दोन मिनिटं लागतील. मी नुसती बघते आहे. बोलावलं नसतं तरी बापू आलाच असता, हे त्यांना कळलं, तर माझ्यापाशी चार वाक्यं उरतील आणि त्यातलं एकही कुणाला फेकून मारता येणार नाही. ओली पेटी, होऊन गेलेला पाऊस. यांच्यावर किती वर्षं रागवता येतं?

दर रविवारी मी फोन करते.

"पाऊस हाय का तिकडं?" अण्णा विचारतात.

"नाही. तिकडं?"

"न्हाय. लावण उरकली. बघू."

"औषध घेताय ना?"

"व्हय."

अनुबाईचं ते विचारत नाहीत. गेल्या रविवारी मी फोन कानाला धरून टाकीसमोर बसले होते. सुईसारखं नवं पान आठवडाभरापूर्वी उलगडायला लागलं होतं आणि त्या दिवशी पुरतं उघडलं होतं. मी म्हणाले, "अण्णा." ते म्हणाले, "बोल." पलीकडे कुणीतरी बैलांना हाकत होतं. मी म्हणाले, "काही नाही. जपा." त्यांनी फोन ठेवेपर्यंत थोडा वेळ गेला. ते वाट बघत होते का, मला सांगता येत नाही.

अण्णांनी बांधलेला पांढरा दोरा आता हिरवट झाला आहे, पण गाठ सुटलेली नाही. कंद बोटाच्या दोन पेरांएवढा झाला आहे. त्याला चार पानं आहेत. बापू कुणाच्या बोलावण्यावरून आला नव्हता. या दोन्ही गोष्टी अण्णांना माहीत नाहीत.